राणी, मोरपंखी, केशरी: ठसठशीत रंगांच्या लग्नासाठी फुलांची निवड

राणी रंगाची पैठणी, तिला मोरपंखी काठ. नवऱ्याला केशरी फेटा. करवल्या जांभळ्यात. आणि मागे डेकोरेटरने हौसेने सुचवलेली लालभडक गुलाबांची भिंत. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर झकास. सगळं एका चौकटीत आलं की नवरी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. फिकट रंगांच्या लग्नात फुलं थोडी इकडेतिकडे झाली तरी खपून जातं. गडद रंगांचं तसं नाही, तिथे चूक लांबून दिसते आणि अल्बममध्ये कायमची राहते.

पैठणीत मात्र राणी आणि मोरपंखी शेजारी शेजारी सुखाने नांदतात, कारण मध्ये जर असते. ती सोनेरी पट्टी दोन्ही रंगांना आपापल्या जागी बसवते. फुलांमध्ये ही जर आपण घालायची असते: पिवळी शेवंती, पांढरी गुलछडी (म्हणजे निशिगंध), नाहीतर नुसती हिरवी पानं. पहिल्यांदाच घरच्या लग्नाची फुलं ठरवणाऱ्याने एवढं धरून ठेवलं तरी निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं हंगाम, बाजार आणि बादल्यांचं.

१. आधी कपडे पसरा

डेकोरेटरला फोन करण्याआधी एका कागदावर लिहा: हळद, सीमंतपूजन, मुहूर्त, सप्तपदी, रिसेप्शन, आणि प्रत्येक वेळी नवरा-नवरी काय घालणार. हे लिहिल्याशिवाय हार ठरवूच नका. बऱ्याच घरांत गौरीहर पुजण्यापासून मंगलाष्टकांपर्यंत मुलगी मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसलेली असते. पैठणी किंवा हिरवा शालू त्यानंतर. म्हणजे अंतरपाट दूर झाल्यावर हार पडतो तो पिवळ्यावर. पैठणीशी जुळेल म्हणून मोठ्या हौसेने केलेला पिवळ्या शेवंतीचा हार तिथे दिसतच नाही.

मग ब्लाउज शिवताना उरलेलं कापड, फेट्याच्या कापडाचा तुकडा, शेरवानीच्या शिंप्याकडची चिंधी असं सगळं एका पुठ्ठ्यावर स्टेपल करा. हा पुठ्ठा खिडकीशी, दिवसाच्या उजेडात पाहा आणि बाजारात जाताना सोबत न्या. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. राणी आणि जांभळा या दोन रंगांना फोन हमखास फसवतो. एकाच साडीचे दोन फोनवरचे फोटो शेजारी ठेवून बघा, लगेच पटेल.

आता पुठ्ठ्यावरून तीन गोष्टी ठरवा. एक मुख्य रंग, एक जोडीदार, एक जर. मुख्य रंग साडीच्या अंगाचा न घेता काठाचा किंवा पदराचा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. राणी अंगावर राणी गुलाब हरवतात. काठातला रंग फुलांत आला की साडीशी नातंही राहतं आणि फूल उठूनही दिसतं. पानांचा हिरवा या तिघांत मोजू नका. तो फुकटचा, आणि हवा तेवढा वापरायचा.

२. मुहूर्त कुठल्या महिन्यातला?

रंग ठरला तरी त्या रंगाचं फूल त्या महिन्यात चांगलं मिळतं का हा प्रश्न राहतोच.

तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्ष, फुलांच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचे. शेवंती दिवस लहान झाल्यावर फुलणारी, त्यामुळे थंडीत तिची आवक भरपूर. ॲस्टर मिळतो, ग्लॅडिओ मिळतो. डच गुलाब थंडीत मोठा येतो, त्याचा रंगही गडद असतो. कमी पडतो तो मोगरा. त्या दिवसांत तो दक्षिणेकडून येतो आणि भाव ऐकून आई-मावशी गप्प होतात. थंडीतल्या लग्नात गजऱ्याला आबोली किंवा निशिगंधाच्या कळ्या घ्या.

फेब्रुवारीतला मुहूर्त असेल तर तारीख नीट बघा. व्हॅलेंटाइन डेच्या आधीचा आठवडा लाल डच गुलाबांसाठी सर्वात महाग. तळेगाव-मावळ भागातल्या पॉलिहाउसमधला चांगला माल त्या दिवसांत परदेशी आणि महानगरांत जातो. लाल रंग हवाच असेल तर कार्नेशन किंवा जरबेरावर या, किंवा लाल सोडून राणी घ्या.

चैत्र-वैशाखाचं गणित वेगळंच. मोगरा उदंड, वासाने मांडव भरतो. पण गुलाब लहान येतो आणि लवकर उघडून पाकळ्या टाकायला लागतो, शेवंती महागते. उन्हाळ्यातल्या उघड्यावरच्या लग्नाला टिकणारी फुलं म्हणजे ऑर्किड, अँथुरियम, झेंडू. बहावा आणि गुलमोहर रस्त्याकडेला पेटलेले दिसतात, मोह होतो. घोस तोडून आणले तर जेवणाची पंगत बसायच्या आत पाकळ्या जमिनीवर असतात. झाडावरच पाहावेत.

दसरा-दिवाळीच्या आसपास झेंडूचा भाव चढतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर वर्षी कुणीतरी त्याच आठवड्यात साखरपुडा ठेवून झेंडूच्या पडद्यांची ऑर्डर देतं.

३. रंगवार फुलं

राणी. या रंगात निवडीला सर्वात जास्त वाव आहे: डच गुलाब, कार्नेशन, जरबेरा, ॲस्टर आणि कोंबडा. कोंबड्याकडे लग्नाचं फूल म्हणून कुणी बघत नाही, आणि ती मोठी चूक आहे. मखमलीसारखा जाड तुरा, गर्द रंग, पाण्याविना बराच वेळ टिकतो आणि स्वस्त. मोठ्या पितळी घंगाळात शेवंतीच्या गराड्यात पाच-सात कोंबडे खोचून बघा. बोगनवेल तोडून आणली तर लवकर मलूल होते, तिच्या कुंड्याच प्रवेशद्वाराशी मांडा. उन्हाळ्यात ती भरात असते.

लाल. कुंकवाचा लाल आणि राणी हे दोघे फुलांत शेजारी ठेवू नका. एकात पिवळ्याची झाक, दुसऱ्यात निळ्याची. दहा फुटांवरून बघितलं की दोन्ही मळकट दिसतात. दोन्ही हवेच असतील तर मध्ये हातभर पिवळी किंवा पांढरी पट्टी घाला. आणि काळपट लाल, मरून म्हणून विकला जाणारा गुलाब, रात्रीच्या रिसेप्शनला टाळा. हातात घेतल्यावर सुंदर, स्टेजवर काळे डाग.

केशरी आणि पिवळा. झेंडू. त्याला जुनाट म्हणणाऱ्यांनी फक्त केशरी झेंडूच्या, एकाच आकाराच्या फुलांच्या, अगदी घट्ट ओवलेल्या माळांचा पडदा एकदा पाहावा. झेंडू वाईट दिसतो तो दोन कारणांनी: पिवळा आणि केशरी एकाआड एक ओवल्यामुळे, आणि मध्ये मध्ये अशोकाचं अर्धवट सुकलेलं पान घातल्यामुळे. एक पूर्ण माळ केशरी, पुढची पूर्ण माळ पिवळी, असं करा. मोरपंखी कापडावर केशरी झेंडू जसा झळकतो तसं दुसरं कुठलंच फूल झळकत नाही. समोरासमोरचे रंग आहेत ते. लहान, तांबूस काठाचा मखमली झेंडू मिळाला तर तो ताटं, समया आणि कलशाभोवती घाला. मोठ्या सजावटीत तो हरवतो. गलांडाही या कुळातला, लाल-पिवळा, स्वस्त आणि थोडा रांगडा. हळदीच्या कार्यक्रमाला शोभतो.

कोकणात आणि गोव्यात लग्न असेल तर आबोली सोडू नका. तिला वास नाही, पण केसांत दिवसभर राहते आणि तिची ती शेंदरी झाक दुसऱ्या कुठल्याही फुलात मिळत नाही. हिरव्या शालूवर आबोलीची वेणी म्हणजे बाकी काही नको. तिथेच अँथुरियम आणि हेलिकोनियाही मिळतात. दोन्ही धीट रंगांची, दोन्ही दमट हवेत खूश.

जांभळा. ॲस्टर हा स्वस्तातला पर्याय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ मालिकेतले वाण जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या अशा वेगवेगळ्या रंगांत आहेत. महागातला पर्याय म्हणजे जांभळं-पांढरं डेंड्रोबियम ऑर्किड. जांभळा पिवळ्या दिव्यांत मरतो, तेव्हा हा रंग दिवसाच्या कार्यक्रमाला ठेवा, किंवा पांढऱ्या फुलांच्या मध्येच बसवा.

मोरपंखी आणि निळा. या रंगाचं लग्नात वापरता येण्यासारखं फूल जवळपास नाही. गोकर्ण निळी खरी, पण एका दिवसाची. बाजारात निळे ऑर्किड, निळी शेवंती, निळा जिप्सोफिला दिसला की समजा रंगवलेला आहे. एक फूल ओल्या पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रंग उतरला तर तो उद्या कुणाच्या तरी सिल्कवर उतरणार. मोरपंखी कापडात, बैठकीच्या गाद्यांत, पडद्यांत आणा, आणि फुलांत त्याच्यासमोर केशरी ठेवा.

पांढरा आणि हिरवा, म्हणजे आपली जर. निशिगंध बाजारात गुलछडी म्हणून मिळतो: सुटी फुलं हारासाठी, दांडे फुलदाणीसाठी. एकेरी पाकळीच्या फुलाला वास जास्त आणि ओवायलाही तेच सोपं; दुहेरी दांड्यावर भरगच्च दिसतं. पानांत आंब्याचे टाळे, केळीचे खांब आणि कामिनी पुरे. परदेशी पानांचे गठ्ठे डेकोरेटर सुचवेल; घ्यायचे असतील तर निळसर निलगिरी तेवढी घ्या, ती मोरपंखीला साथ देते.

४. अंगावरची फुलं

इथे रंगाआधी वजन आणि डाग.

हार उचलून बघा. नवरीने तो दोन्ही हातांनी वर धरून समोरच्याच्या डोक्यावरून टाकायचा असतो, आणि त्या डोक्यावर तुरेदार फेटा असतो. हाराचं तोंड फेट्यावरून सहज जाईल एवढं मोठं हवं, नाहीतर मागे गाठ मारायला दोरे मोकळे ठेवायला सांगा. ऑर्डर देताना फेटा बांधलेल्या डोक्याचा घेर सुतळीने मोजून ती सुतळीच हारवाल्याला द्या. तो हसेल, पण हार बरोबर येईल.

लांबी कमरेच्या थोडी वर. त्याहून लांब हार होमाला बसताना मांडीवर गोळा होतो. गुलाबाच्या पाकळ्या घडी घालून ओवलेले जाड हार फोटोत भारदस्त दिसतात, पण मानेला जाणवतात. त्यांच्या पोटात कधी कधी नुसती पानं किंवा स्पंज भरलेला असतो, तेव्हा दाबून पाहा. राणी पैठणीवर: गुलछडीचा हार, त्यात थोड्या थोड्या अंतरावर केशरी झेंडूचे किंवा लाल गुलाबाचे गोंडे. पिवळ्या अष्टपुत्रीवर: लाल गुलाब आणि पांढरी गुलछडी, जुनं आणि बिनचूक. हिरव्या शालूवर काहीही चालतं, फक्त हारात हिरवी पानं नकोत. केशरी फेटेवाल्याच्या गळ्यात केशरी हार घालू नका.

लिलियम घेतलं असेल तर फुलं उमलताच आतले तांबूस परागकोश चिमटीने काढून टाका. ते पराग सिल्कवर पडले तर पाण्याने चोळू नका, डाग पसरतो. सेलोटेप हलक्या हाताने लावून उचला. हे काम एका माणसाला नेमून द्या, नाहीतर सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने केलं.

मुंडावळ्या फुलांच्या हव्या असतील तर मोगऱ्याच्या घट्ट कळ्यांच्या किंवा निशिगंधाच्या कळ्यांच्या करा. उमललेली फुलं डोळ्यांसमोर लोंबतात. गजऱ्यासाठी मोगरा सकाळी कळीच घ्यावी. संध्याकाळी ती आपोआप उमलते आणि रिसेप्शनला वास दरवळतो. सोनचाफा केसांत एक-दोनच, तोही ऐनवेळी, कारण हात लागला की काळा पडतो.

५. स्टेज आणि दिवे

कार्यालयाचं स्टेज बघायला जाल तेव्हा मागच्या भिंतीचा आणि गालिच्याचा रंग लिहून घ्या. पुष्कळ कार्यालयांत तो लाल किंवा मरून असतो आणि ठरवताना कुणालाच आठवत नाही.

नवरा-नवरी जिथे उभी राहतात तिथे, खांद्यापासून डोक्याच्या वरपर्यंत, मागे हिरवं किंवा पांढरं ठेवा. रंगाची दंगल दोन्ही बाजूंना आणि खाली. साडीच इतकी बोलकी असताना तिच्या मागे फुलांची भिंत कशाला, असं मला नेहमी वाटतं. भिंतीचे पैसे प्रवेशद्वार आणि पंगतीच्या टेबलांवर घातले तर जास्त लोक ती फुलं जवळून बघतात.

दिव्यांबद्दल डेकोरेटरशी वेगळं बोला. पिवळसर उबदार दिव्यांत लाल, केशरी, पिवळा खुलतात. जांभळा आणि निळा मंदावतात. निळे किंवा जांभळे एलईडी लावले तर केशरी झेंडू चक्क तपकिरी दिसतो. मग एवढे किलो झेंडू कशाला आणले असा प्रश्न पडतो. रंगीत दिवे हवेच असतील तर ते छतावर टाकायला सांगा, फुलांवर साधा उबदार पांढरा. शक्य असेल तर आदल्या आठवड्यात संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या रिसेप्शनच्या वेळी त्याच कार्यालयात डोकावून या.

६. बाजार आणि डेकोरेटर

सगळं काम डेकोरेटरवर सोपवणार असाल तरी एक सकाळ बाजारात घालवा. पुण्यात गुलटेकडीचं मार्केट यार्ड, मुंबईत दादरचा मीनाताई ठाकरे फूल बाजार. पहाटे जायचं, खिशात तो पुठ्ठा घेऊन. फूल पुठ्ठ्याला लावून बघितलं की दहा मिनिटांत अर्धी यादी बाद होते.

भाव ऐकताना माप समजून घ्या. झेंडू, शेवंती, सुटी गुलछडी किलोवर. डच गुलाब २० नगांच्या गड्डीत, ग्लॅडिओ आणि लिलियम १० काड्यांच्या. पावसाळी हवेत भिजलेला झेंडू स्वस्त वाटतो, पण वजनात पाणी असतं आणि पोत्यात तो दुसऱ्या दिवशी काळवंडतो. किती किलो लागेल हे अंदाजाने सांगणाऱ्यावर जाऊ नका. पाव किलो फुलं घरी आणा, तुम्हाला हवी तेवढी घट्ट माळ ओवा, किती हात झाली ते मोजा, आणि त्यावरून हिशेब करा. थोडी जास्तीची धरा. पोत्यातली तळची फुलं कामाची नसतात.

ग्लॅडिओ घेताना खालच्या दोन-तीन कळ्यांवर रंग दिसायला लागलेला दांडा घ्या. पूर्ण हिरवा दांडा मुहूर्तापर्यंत उमलत नाही, पूर्ण उमललेला टिकत नाही. जरबेऱ्याचा दांडा मधे वाकलेला नको. शेवंती उलटी करून बघा: खालच्या पाकळ्या तपकिरी असतील तर माल जुना.

डेकोरेटरच्या कोटेशनमध्ये ‘मिक्स फ्लॉवर डेकोरेशन’ एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा. फुलाचं नाव, रंग, कुठे किती, ताजी किती आणि कृत्रिम किती, हे लिहून हवं. त्या दिवशी ठरलेलं फूल मिळालं नाही तर बदली फूल कोणतं, हेही. ‘तसंच दुसरं’ यात भाव तसाच असतो, रंग नसतो. लाल कार्नेशनच्या जागी गुलाबी आलं की तुमची सगळी आखणी गेली. बदली त्याच रंगात, फूल कुठलंही चालेल, असं स्पष्ट लिहून घ्या. कृत्रिम फुलं उंच कमानीवर, हात पोहोचत नाही तिथे ठीक आहेत. टेबलावर आणि हारात नकोत.

७. आदल्या दिवशी

दांड्याची फुलं घरी आली की टोकं तिरकी कापून लगेच पाण्यात. गुलाब खोल बादलीत, जरबेरा मात्र चार बोटं पाण्यात. जास्त पाण्यात त्याचा दांडा कुजतो. झेंडू आणि शेवंती प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून बांबूच्या पाटीत किंवा सुती चादरीवर पातळ पसरा. ढीग आतून तापतो. वरून पाणी शिंपडू नका, ओलं फडकं टाका. हार आणि गजरे केळीच्या पानात गुंडाळून थंड जागी ठेवले की टवटवीत राहतात. ऑर्किड आणि अँथुरियम फ्रिजमध्ये ठेवू नका, ती उष्ण प्रदेशाची फुलं, गारठ्याने डागाळतात.

आणि वैशाखातल्या लग्नघरात एक गोष्ट हमखास होते. सगळ्यात थंड, अंधारी खोली फुलांसाठी निवडली जाते, आणि नेमकी तिथेच आंब्याची आढी लावलेली असते. पिकणारा आंबा इथिलिन वायू सोडतो, केळंही. त्या हवेत रात्रभर राहिलेलं कार्नेशन सकाळी मिटून सुरकुतलेलं मिळतं, ऑर्किडच्या कळ्या गळतात. आंबे आणि फुलं वेगळ्या खोल्यांत ठेवा. खोली एकच असेल तर फुलं व्हरांड्यात न्या आणि आंब्यांना राहू द्या.

सकाळी निघताना एका डब्यात कात्री, बारीक तार, पांढरा दोरा, सुया, सेलोटेप आणि दोन जादा गजरे घाला. डबा करवलीकडे द्या. गुलाबाची एक न सोडलेली गड्डी बादलीतच राहू द्या, संध्याकाळी स्टेजवरची मान टाकलेली फुलं तिच्यातून बदलता येतील.